एका पायावर

सेवेर्यान गेले अकरा दिवस एका पायावर उभा आहे.
तार, कापूस, थोडं मेण,
डोक्यावर माझ्या जुन्या मोज्याची टोपी.
लिफ्टचा मेकॅनिक. उंची चौदा सेंटिमीटर.
त्याला जिना चढायचाय, कारण लिफ्ट बंद आहे,
आणि ती दुरुस्त करणारा तोच आहे.

एका सेकंदाला बारा फोटो.
दर फोटोआधी त्याला केसभर हलवायचं,
हात मागे घ्यायचा, श्वास धरायचा, बटण दाबायचं.
फार्मसीतली ड्यूटी संपवून,
झोपेशी घासाघीस करून
एका रात्रीत माझे चार सेकंद होतात.
पाचवा अजून कधी झालेला नाही.

त्यामुळे हल्ली सगळंच सेकंदांत मोजायची खोड लागलीय.
मावसभावाच्या बाळाचा बाप्तिस्मा: आठ,
कारण दुसऱ्या दिवशी डोकं उठलं.
मारेखीचं ब्रेकअप: बारा, आणि ते मी आपणहून दिले.
वाझाच्या बँडचा पहिला कार्यक्रम: चार. दुसरा: चार.
तिसऱ्याला फक्त मी आणि त्याची आई होतो.
ते मी मोजले नाहीत.

कुणी बोलवायचा अवकाश,
मी एका पायावर तयार.
नाही म्हणायचं ठरवून फोन उचलते
आणि ‘येताना काय आणू?’ विचारून ठेवते.

एकदा बसलं की मग पाय निघत नाही.
आमच्या तिबिलिसीत टेबलावरून उठायचे नियम आहेत.
तमादा पेला उचलतो: शांततेसाठी.
मग या घरासाठी.
मग गेलेल्यांसाठी. तेव्हा कोण उठून जाईल?
मग लेकरांसाठी, कारण गेलेल्यांवर थांबायचं नसतं.
रात्री एकला वाझाचे काका माझ्याकडे बघत म्हणतात,
‘आता ज्यांना लवकर निघायचंय, त्यांच्यासाठी!’
आणि त्या एका पेल्याला पाऊण तास लागतो.

घरी येते. दिवा लावत नाही,
लावला तर त्याच्याकडे बघावं लागेल.
तरी बघतेच.
जुलैत मेण मऊ पडतं. उचललेला पाय
रोज थोडा खाली येतो.
म्हणजे मी नसताना तो चालतोय,
फक्त फोटो काढायला कुणी नाही.

गेल्या शुक्रवारी फोन बंद करून बसले.
सात फोटो झाले. आठव्याला दारावर थाप.
वाझा, थेओना, मारेखी
आणि मारेखीचा नवा कोणीतरी,
हातात पातेलंभर खिंकाली, झाकण वाफेने थडथडतंय.
‘तू येत नाहीस, म्हणून टेबलच घेऊन आलो.’

मी म्हटलं, हळू. या घराची जमीन पोकळ आहे,
पाऊल टाकलं की कॅमेरा हलतो.
बूट काढून ते भिंतीला टेकून बसले.
या माणसांना इतका वेळ गप्प
मी कुठल्याही मयतीत पाहिलेलं नाही.
थेओना कुजबुजली, ‘एवढंच?’
‘एवढंच.’
मग ती सेवेर्यानकडे नाही,
माझ्या हाताकडे बघत राहिली.

आणि मारेखीचा नवा कोणीतरी शिंकला.

सेवेर्यान पडला नाही,
पण मागचा जिना बोटभर सरकला.
कुणी काही बोलेना. पातेलं निवत होतं.
मला आधी रडू आलं, मग भूक लागली.
जेवणाआधी मी आणखी पाच फोटो काढले:
त्याची मान वर, अजून थोडी वर.

रविवारी लावून पाहिलं.
तिसऱ्या पायरीवर अख्खी इमारत दचकते,
आणि तो थांबून वर बघतो,
वरच्या मजल्यावर कुणाचं तरी जेवण रंगलंय तसा.
पुसणार होते. ठेवलं.
सात आणि पाच बारा. पूर्ण एक सेकंद.

शनिवारी थेओनाच्या बहिणीचं लग्न आहे.
दोन दिवस चालेल, कदाचित तीन.
सेवेर्यानच्या उचललेल्या पायाखाली
मी काडेपेटी ठेवलीय,
येईपर्यंत.