इथे समुद्र राहिला

स्वीडिश टंकयंत्रावर आमचं एक अक्षर नव्हतं.
ओ-च्या डोक्यावर बारीकशी लाट असते त्याला.
इतिवृत्त टंकून झालं की मी त्या लाटा
शाईने काढत बसायचे, एकेक करून.
एखादी राहिलीच तर पंतप्रधान
चष्मा कपाळावर सारून कागद परत करायचे :
"लेइदा, इथे समुद्र राहिला."

व्हॅलिंगबीत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर
दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी आमचा देश भरायचा.
साल्मेबाईंनी जेवणाच्या टेबलावरचं मेणकापड उचललं
की झालं मंत्रालय.
शेतीमंत्री मेत्सार बुटांच्या कारखान्यातून थेट यायचे,
बोटांना खळीचा वास.
युद्धमंत्री तुइस्क घड्याळं दुरुस्त करायचे.
फौज नव्हती त्यांच्याकडे,
पण बैठक कधी मिनिटभर उशिरा सुरू झाली नाही.
राजमुद्रा बिस्किटांच्या डब्यात, दोऱ्याच्या रिळांखाली.
खजिन्यात टपालाची तिकिटं, कॉफी,
आणि टोरांटोच्या एका दंतवैद्याने पाठवलेले चाळीस डॉलर.

आर्वेद पिल्विस्ते.
दिवसा नकाशांच्या संग्रहात कारकून,
दुसऱ्यांच्या सीमा पुसून-झटकून खणात ठेवायचे.
रात्री जगभरच्या राजधान्यांना निषेधपत्रं.
उत्तर येत नसे. एकदा आलं,
कुठल्याशा परराष्ट्र खात्याचं, दीड ओळीचं :
पत्ता बदलल्यास कळवावे.
ते हसले. मग खिडकीशी गेले
आणि कॉफी निवेपर्यंत पाठमोरेच राहिले.
मी लिहिलं : पत्राची नोंद घेण्यात आली.

करखात्याच्या अर्जावर, 'व्यवसाय' या रकान्यात
ते दरवर्षी खरं तेच लिहायचे.
दरवर्षी तिथली बाई ते पेन्सिलीने खोडून 'कारकून' करायची.
सतरा वर्षं चाललं हे.
दोघांपैकी कोणीच माघार घेतली नाही.

भावाचं मला त्यांनी कधी सांगितलं नाही.
साल्मेबाईंनी सांगितलं, वेलदोड्याच्या पावाचं पीठ मळताना,
माझ्याकडे न बघता.
चव्वेचाळीसचा सप्टेंबर, हाप्सालूजवळचा किनारा,
कोळ्याची बोट, आणि जागा एकाचीच उरलेली.
यांनी कागदांची ट्रंक चढवली.
भावाला म्हणाले, तू पुढच्या खेपेला ये.
पुढची खेप झाली नाही.
"त्या ट्रंकेत काय होतं?" मी विचारलं.
"कायदे," त्या म्हणाल्या, आणि पीठ पुन्हा मळायला घेतलं,
खरं तर ते मळून झालं होतं.

मग एकेक खुर्ची भिंतीला लागत गेली.
मेत्सार गेले. तुइस्क गेले,
मनगटावरचं घड्याळ त्यांच्यानंतरही दोन दिवस चालत होतं.
गणसंख्या पाचाची, उरलेले चार.
तेव्हा पंतप्रधानांनी मला शिक्षणमंत्री केलं :
वय एकोणतीस, जन्म स्टॉकहोमचा,
ज्या देशाची शपथ घ्यायची तो फक्त टंकून माहीत.
मी उजवा हात वर केला. त्याला शाई लागलेली होती.
"चालेल," ते म्हणाले, "आपल्याकडे एवढीच शाळा आहे."

शेवटच्या हिवाळ्यात, इस्पितळात,
नर्स त्यांना 'काका' म्हणायची.
ते तिला 'बाईसाहेब' म्हणून नाव, गाव, आईची तब्येत विचारायचे,
जणू मतदारसंघातून फिरताहेत.
मला म्हणाले, पुढची बैठक गुरुवारीच ठेव.
बुधवारी गेले.

गुरुवारी आम्ही बसलो. तीन माणसं आणि मी.
विषय पहिला : दुखवटा.
विषय दुसरा : निषेधपत्रं आता कोणाच्या सहीने जातील.
रात्री मी ते पान टंकलं, लाटा काढल्या,
एक सोडून.
पान अजून माझ्या खणात आहे.
कोणी परत करतं का,
बघतेय.