किती दिवसांचं

ठराव क्रमांक चार. जुना रेकॉर्डर जळाल्या कारणाने
नवा घ्यावा, खर्च तीस हजारांच्या आत.
सूचक कुडतरकर, अनुमोदक मिसेस डिमेलो.
विरोध कुणाचाच नाही. चहा तेवढा गार होता.

म्हणून आज लॅमिंग्टन रोडला
वायरींच्या भेंडोळ्यांखालून वाकून
केतनच्या पाच बाय आठच्या गाळ्यात
स्टुलावर बसलोय मी, सेक्रेटरी,
कन्नमवार नगर, चार मजले, लिफ्ट नाही.
मांडीवर पिशवी, पिशवीत सभेचं इतिवृत्त.

"काका, आठ चॅनेल की सोळा?"
कॅमेरे सात आहेत, मी म्हणतो.
"आज सात आहेत," तो म्हणतो,
आणि हे त्याचं बरोबर आहे.
गेटवर एकच होता तेव्हा आम्ही निवांत होतो.
मग जिन्यात लावला, मग गच्चीवर,
मग पाण्याच्या टाकीवर,
आणि दर नव्या डोळ्यामागे
एक नवा संशय राहायला आला, मेंटेनन्स न भरता.

आठच दे.

केतन खोकं उघडतो. काळी, चपटी पेटी,
कंपासपेटीची थोरली बहीण.
मागे ओळीने भोकं. एकाच वायरीतून
वीज जाते आणि चित्र परत येतं.
"संसारासारखं," तो हसतो. नुकतंच लग्न ठरलंय त्याचं.

"आता हार्ड डिस्क. किती दिवसांचं पाहिजे?
दोन टीबीत पंधरा दिवस, चारमध्ये महिना.
पुढे मशीन आपोआप जुनं पुसतं, वर नवं लिहितं.
आपल्याला काही करायला लागत नाही."

काही करायला लागत नाही.

मार्चात वाघधरे वहिनी ऑफिसात आल्या होत्या.
मला वाटलं, पार्किंगचं असेल.
बसा म्हटलं तरी उभ्याच.
म्हणाल्या, त्या दिवशी सकाळी हे दूध आणायला उतरले ना,
गेटवर रामसजीवनशी कायसं बोलून हसले म्हणे.
ते दिसेल का?
नुसते चालताना दिसले तरी चालेल.

कॅलेंडर बघायची गरज नव्हती.
तेराव्याला मीही जेवलो होतो,
त्यालाच चार दिवस होऊन गेलेले.
जुन्या मशीनची धाव पंधराची.
तरी मी माउस हलवत राहिलो, तारखा मागे मागे नेत,
सगळ्यात मागच्या तारखेला
गेटशी एक कुत्रं झोपलेलं, दुसरं काही नाही.
वहिनी त्या कुत्र्याकडे बराच वेळ बघत होत्या.

"चार टीबी," मी म्हणतो.
केतन कॅल्क्युलेटर बडवतो. ठरावाच्या वर जातंय,
दोन हजार सहाशेनं.
वरचं बिल वेगळं कर, माझ्या नावानं.

मग तो स्क्रू पिळत असताना सुचतं
की महिना म्हटला की सगळ्यांचाच महिना.
डिमेलोंच्या रेनीचं रात्री कोपऱ्यावरच रिक्षा सोडणं,
रामसजीवनचा साडेतीनचा डुलका,
कुडतरकरांचं पायाने हळूच
कचऱ्याची पिशवी शेजारच्या दाराकडे सरकवणं.
आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर
कठड्याला धरून उभा राहिलेला मी,
दुसरा हात छातीवर,
कोणी येतंय का बघणारा.
घरी अजून सांगितलेलं नाही.

मशीन चालू होतं. त्याच्या मते आज
एक जानेवारी दोन हजार.
केतन तारीख दुरुस्त करतो,
पंचवीसेक वर्षं दोन क्लिकांत.
"पासवर्ड टाका काका," म्हणतो
आणि सभ्यपणे भिंतीकडे तोंड करतो.

"जिन्यातला कॅमेरा," मी त्याच्या पाठीला विचारतो,
"थोडा गेटकडे वळवता येईल का?"

"येईल की. पण मग जिना दिसणार नाही."

चालेल.