भिजलेला चुना

मैदान आखायला दोन गोण्या चुना लागतो.
मी सव्वादोन लिहितो.
मंडळाच्या वहीत खातं एकच, पुरुष फुटबॉल.
मुलींच्या नावाची ओळ नाही,
म्हणून पाव गोणी दर आठवड्याला 'भिजली'.
घणसोलीचा खाडीवारा दमट आहेच,
कोणी विचारत नाही.

मुलं चार ते सहा.
मुली सहानंतर, उजेड असेल तोवर.
पाव गोणीत गोलची रेघ पुन्हा ओढून होते,
पेनल्टीचा चौकोन होत नाही,
तो मुलांच्या बुटांनी खाल्लेला असतो.
हेमांगी मढवी, गोलकीपर, तळवलीहून सायकलने येते,
टाच घासत चौकोन शोधते,
अंधारात चप्पल शोधावी तशी.

बॉलही मुलांचे जुने. शिवण उसवलेला एक
मनाला येईल तिकडे वळतो.
तबस्सुम म्हणते, काका, यानेच आमची नजर तयार केली.
मला नाही पटत.
नव्या बॉलवरही झालीच असती.

मुलांमुळे आलं सगळं, हे खरं.
गोलपोस्ट, जाळी, दिव्याचा तो एक खांब.
वेडसुद्धा. भावाचा डबा घेऊन आल्या
आणि डबा ठेवून थांबल्या.
फक्त दिव्याच्या खोलीची किल्ली
अजून मुलांच्या कॅप्टनच्या खिशात असते.

मग ती फायनल. सहाची.
आधी मुलींची मॅच, "वेळ भरायला",
सेक्रेटरींचे शब्द.
लोक चारलाच आले, सावलीतल्या पायऱ्यांवर
रुमाल टाकून जागा धरायला.
रुमाल टाकायचा, चहाला जायचं.
दिवाळ्याचे भरतनाना, मासळीचा टेम्पो चालवतात,
रुमालाशेजारी उभेच राहिले.
हेमांगी डावीकडे झेपावली तेव्हा
"अगं!" म्हणाले.
मग बराच वेळ काहीच नाही.
चहा राहिला.

फायनल कोण जिंकलं ते बोर्डावर आहे.

पुढच्या रविवारी पुरुषांचं काही नव्हतं.
टेम्पो थांबला. "कधी आहे?"
"काय?"
"ती डावीकडची."
म्हटलं, सहानंतर, उजेड असेल तोवर.
बसले. रुमाल खिशातच,
रिकाम्या पायऱ्यांवर जागा कसली धरायची.

मी गाडा काढला.
चौकोन आखला, पूर्ण, चारी कोपरे, पेनल्टीचा ठिपकासुद्धा.
वहीत त्या दिवशी आख्खी गोणी भिजली.

हेमांगी आली. सायकल टेकवली. वाकून पाहिलं.
"काका, डावीकडे वाकडी गेलीय."

गेली होती.