शनिवारचा शेवटचा तास

खडकीत मला जेवणानंतरचा तास मिळतो,
म्हणजे पंख्याखाली साठ भादरलेली डोकी
आणि डुलक्या.
सकाळी ही पोरं सुरुंग शोधायला शिकून आलीत,
गुडघ्यांवर माती तशीच.

मी विचारते, हात कुठं थांबवायचा, कसं कळतं?
"मॅडम, सळई तिरकी घालायची. हलकेच.
काही लागलं की थांबायचं. जोर नाही लावायचा."
कुणी शिकवलं?
"उस्तादांनी!"
मागे हवालदार बाबर, हाताची घडी, भिंतीला न टेकता.

मग मी फोनचं काढते. रविवारी दोन तास मिळतो तो.
वाघचौरे उभा राहतो, एकोणीस वर्षांचा, दहिवडीकडचा.
मोनालीनं उचलला नाही,
म्हणून एकवीस वेळा लावला.
"काळजी वाटती, मॅडम."
बाविसाव्यांदा उचलला तेव्हा पहिला शब्द काय बोललास?
पंखा ऐकू येतो.
"कुठं होतीस."
हे विचारलंस, की सुनावलंस?
कुणीतरी फिस्सकन हसतं.
आणि कुठं होती ती?
"नर्सिंगची परीक्षा होती."
मग, बुटांकडे बघत,
"मला माहीत व्हतं."

मी फळ्यावर थप्पड लिहीत नाही.
थप्पड फार उशिरा येते,
तोवर सळई केव्हाच लागलेली असते कशाला तरी
आणि आपण जोर लावत असतो.

खिडकीजवळचा सडपातळ पोरगा, न विचारताच:
"आमचे वडील मारायचे आईला.
पण रात्री जेवायला सगळे एकत्रच असायचो, मॅडम."
आई किती जेवायची?
तो आठवू बघतो. खरंच आठवू बघतो.
"ती वाढायची."

त्यानंतर कुणाला डुलकी लागली नाही.
मी तयार करून आणलेलं पुढचं पान
पिशवीतच राहिलं.

बाहेर बाबर सायकल धरून उभे.
इकडचं तिकडचं बोलले, मुळेला पाणी कसं आहे,
पोरं यंदा बरी आहेत.
मग घंटी अंगठ्यानं पुसत:
"मॅडम, वीस वर्षांच्या संसारानंतर
हे शिकता येतं का?
पोरांचं नाही विचारत."

मी रेंज हिल्समधल्या खोलीचा पत्ता दिला,
मंगळवार, पाच वाजता.
ते हो म्हणाले नाहीत.

मंगळवारी दार उघडंच ठेवलं होतं.
सव्वापाचला स्टँडवर सायकल लावल्याचा आवाज आला.
मग बराच वेळ
काहीच नाही.