एकोणिसावं शिफारसपत्र

बेनेदितासाठी हे एकोणिसावं.
आधीची अठरा याच फोल्डरमध्ये आहेत,
शहरांच्या नावांनी साठवलेली: बर्गन, ग्रोनिंगन, होबार्ट,
आणि एक नुसतंच ‘शेवटचं’,
जे शेवटचं नव्हतं.

पहिला परिच्छेद तयारच असतो.
खाडीत भरती कशी शिरते, गाळ कुठे बसतो,
याचं गणित तिने असं मांडलं
की अकरा दिवस चालणारा हिशेब आता एका रात्रीत उरकतो.
हे खरं आहे. अठरा वेळा खरं आहे.
एकदा होबार्टच्या पत्रात
‘ग्रोनिंगन’ तसंच राहून गेलं माझ्या हातून.
तिला ते अजून सांगितलेलं नाही.

ती पलीकडच्या टेबलाशी अर्ज भरतेय.
पीएचडी होऊन सात वर्षांहून अधिक झालेली नसावीत.
बाळंतपणाचे अठरा महिने वजा होतात, दाखला जोडला तर.
आई अंथरुणाला खिळली होती ती दोन वर्षं
कुठल्या चौकटीत घालू, विचारते.
तशी चौकट नाही.
मुदत मध्यरात्रीपर्यंत.
‘कुठल्या देशाची मध्यरात्र?’ म्हणते,
आणि आम्ही दोघं उगाचच हसतो.

तिचे वडील, अबिलियो, आवेरूच्या मिठागरात जन्मभर राबले.
गेल्या उन्हाळ्यात, फळीने मीठ ओढता ओढता,
मान वर न करता त्यांनी मला विचारलं:
‘पोरगी हुशार, असं तुम्हीच म्हणता.
मग दर दोन वर्षांनी तिला पुन्हा हुशार का ठरावं लागतं?’
मी अनुदान, निधी, मंत्रालय असं काहीबाही बोललो.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं.
‘एका सरीत आमचंही महिन्याचं काम विरघळतं,’ म्हणाले.
‘पण आम्ही त्याला पाऊसच म्हणतो.’
निघताना किलोभर मीठ दिलं, कागदात बांधून.
ते आमच्या स्वयंपाकघरात अजून पुरतंय.

दुसऱ्या परिच्छेदाशी घोडं अडतं.
खरं लिहायचं तर असं:
नवी मुलं प्रोग्राम अडला की माझ्याकडे येत नाहीत,
तिच्याकडे जातात.
सर्व्हर रात्री बंद पडला की फोन तिलाच.
ती गेली की या खोलीत मी उरेन
आणि माझ्या निवृत्तीची तारीख.
कृपया तिला घेऊ नका.

हे मी खरंच लिहिलं.
शेवटच्या शब्दापुढे कर्सर लुकलुकत राहिला,
आणि मला तो कागदात बांधलेला किलो आठवला.
खाल्ल्या मिठाला जागायचं तर कसं?
तिला थांबवून, की धाडून?

‘पाठवलंत का?’ पलीकडून.
‘पाठवतोय.’

खोडलं तेवढं.
त्या जागी नेहमीचं: तिची उणीव आम्हाला भासेल.
मग शहराचं नाव तपासलं.
ट्रॉन्डहाइम.
पुन्हा वरपासून वाचलं, बोट ठेवून. ट्रॉन्डहाइम.

होबार्टचं सांगायचं आजही राहिलं.