साडेतीन तोळे

भंगाळे डॉक्टर म्हशींचे.
म्हणाले, आधी वजन आण,
मग जंतांचं बघू.

फैजपुरात सोनाराच्या काट्यावर
ओल्या रुमालात बेडूक.
रुमाल वजा जाता साडेतीन तोळे.
सोनार हसला नाही,
चिठ्ठीवर लिहून दिलं.

औषध थेंबभरही नाही,
तेवढ्यासाठी डॉक्टरांनी चष्मा दोनदा पुसला.

बांधावरचे रातकिडे बंद.
केळीवर परवाच फवारणी झाली.
आता अंड्यांच्या ट्रेमध्ये माझेच वाढतात,
गाजर खातात, रात्रभर किरकिरतात.
कुमुदताई भिंतीपलीकडून विचारते,
घरात वावर घेतलं का गं?

कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून
तीनच सोडायचे.
उरलेला मोजून बाहेर काढायचा,
उपाशी रातकिडा
बेडकाचीच बोटं कुरतडतो.

रात्रीचा दीड. टॉर्च. मी गुडघ्यांवर.
दोन गेले, दिसलं मला.
तिसरा कुठंय, डबुल?
गिळलास,
की तुझ्या पाठीमागे बसलाय?