लिफ्टची नाणी

आमच्या इमारतीत लिफ्टला पैसे लागतात.
नाणं टाका, मग हलते.
ग्लदानीत जुन्या इमारतींतून असंच,
कुणाला त्याचं काही वाटत नाही.

कामावर जाताना वाखो
चपलांच्या फळीवर एक नाणं ठेवतो,
खाली उतरलीस तर वर यायला असू दे.
जा म्हणत नाही.
नाणं ठेवतो.

जॅमच्या रिकाम्या बरणीत
एक्केचाळीस झालीत.
म्हणजे एक्केचाळीस दिवस मी
पलंग ते न्हाणीघर, न्हाणीघर ते पलंग
एवढाच मुलुख फिरले.

आई इटलीत, बारीला. दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या सांभाळते.
रात्री फोनवर तिचं नुसतं कपाळ दिसतं.
'जेवलीस, एलिसो?'
'जेवले.'
'गोळी?'
'घेतली.'
खोटं फक्त पहिलं.
मग ती सांगते, सिन्योरा आज आपल्या हाताने सूप प्यायली,
आणि मला ब्याऐंशी वर्षांच्या त्या बाईचा
हेवा वाटतो.
चमच्याचासुद्धा.

डॉक्टरीणबाईंनी विचारलेलं, नेमकं काय होतं?
म्हटलं, दुखत नाही कुठे.
केस विंचरायला हात वर न्यावा लागतो ना,
ते वर फार लांब आहे.
त्यांनी लिहून घेतलं.
मावशी म्हणाली, दृष्ट.

आमच्याकडे भेटल्यावर म्हणतात, गमार्जोबा.
विजय आहे त्या शब्दाच्या पोटात.
पाववाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे
दिवसभर एकमेकांना जय वाटत फिरतात.
मी बोलणं टाकलं ते तेवढ्यासाठीच.

काल दुपारी जिन्यातून जुजुनाचा आवाज.
सातव्या मजल्यावरची, गुडघे गेलेली.
'नाणं आहे का कुणाकडे?
ही मेली नोट खात नाही!'
मी कानावर उशी घेतली.
तिने लिफ्टला शिव्या घातल्या, नगरपालिकेला घातल्या,
मग वारलेल्या नवऱ्याला.
एकही दार वाजलं नाही.
सगळे कामावर.
घरात मी, आणि माझ्याकडे
एक्केचाळीस.

नऊ मजले.
गाऊनवर वाखोचं जॅकेट.
पाचव्यावर पायरीवर बसले बराच वेळ,
तिथूनच टाकावं का खाली, असं वाटलं,
नाणं.

जुजुनाने माझे केस पाहिले, काही बोलली नाही.
'गमार्जोबा.'
मला उत्तर आलं नाही. मूठ पुढे केली.

लिफ्टमध्ये तिच्या पिशवीतली कोथिंबीर,
मुळांना माती तशीच.
वास आला मला.
किती दिवसांनी कसला तरी वास आला.

सातव्यावर तिने माझ्या खिशात एक काकडी कोंबली
आणि दार लावून घेतलं.
वरचे दोन मजले चालले.
दुसरं नाणं आणलंच नव्हतं.

बरणीत चाळीस.
सकाळी वाखो ठेवील, पुन्हा एक्केचाळीस.

रात्री आई म्हणाली, 'जेवलीस?'
'अर्धी काकडी,' म्हटलं.
फोनमध्ये तिचं कपाळ
खूप वेळ हललं नाही.